न निवलेला जोड

बुधवार पेठ, पुणे
१४ ऑक्टोबर १९८१

चि. बाळ यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हेमाचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, दवाखान्यातली लाल बाटली पुरे, आता ज्येष्ठमध चघळ. इकडे सगळे खुशाल. काल कोजागरीचं दूध झालं. तुझ्या भाऊजींनी घेतलं नाही, पोट बिघडलंय म्हणाले. माझ्या दुधाला नावं ठेवायची संधी ह्यांनी सोडली, म्हणजे खरंच बिघडलं असणार.

तुमच्या बॉयलरचा वाफेचा ड्रम साखर कारखान्यावर सुखरूप पोचला हेही कळलं. एवढं मोठं काम आमच्या हडपसरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलं ते तू शब्द टाकलास म्हणून, हे आम्ही विसरलेलो नाही. नव्याने वेल्डिंग केलेला जोड तुमच्या साहेबांना पसंत पडला असं लिहितोस. बरं झालं.

आता एक विचारते, हसू नकोस. वसुबारसेला बॉयलर पेटवायचा मुहूर्त आहे आणि यंदा पूजेला तू आणि हेमा बसणार असं लिहिलंयस. मान मोठा आहे, पण नाही बसलात तर चालणार नाही का? दुसरं कुठलंही जोडपं बसेल. तुम्ही दोघं सुट्टी काढून दिवाळीला आधीच पुण्याला या. हेमाला इकडच्या डॉक्टरांना दाखवू. मला अलीकडे उगाचच धडधडतं. वय झालं समज.

आणि हो, सध्या तुझी पाळी कोणती असते? हे जेवताना विचारत होते.

तुझी,
ताई


हडपसर, वर्कशॉपमधून
२२ ऑक्टोबर १९८१

चि. बाळ,

तुझं उत्तर मिळालं. "ताई, पेटवल्या दिवशी नुसता धूर असतो, दाब नंतर चढतो, आणि तेव्हा मी असतोच ड्यूटीवर," असं लिहून तू मला धीर दिलास. पण मला भीती त्या दाबाचीच आहे.

पंपाचे सुटे भाग न्यायला तुमच्या कारखान्याची जीप आत्ता इथे आली आहे. ड्रायव्हर चहा पिता पिता सहज म्हणाला की चेअरमनसाहेबांनी मुहूर्त अलीकडे आणला, बॉयलर कालच पेटला आणि आज दाब चढवायला घेतलाय. मी ट्रंक कॉल लावून ठेवलाय. ऑपरेटर म्हणते, लाइन बंद आहे. म्हणून हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देते. आधी दाब उतरवायला सांग, माणसं लांब काढ, मग पुढचं वाच.

जाड पत्र्याचा जोड वेल्डिंग करून तसाच सोडत नाहीत, हे तुला मी काय सांगणार. पण मला सगळं ओळीने लिहू दे, नाहीतर मी परत काहीतरी गाळेन. जोडाभोवती विजेवर तापणाऱ्या तारा गुंडाळतात, वर ॲसबेस्टॉसची रजई बांधतात, जोड लालसर होईपर्यंत तापवतात आणि मग रजईतच आपोआप निवू देतात. लग्न झाल्यावर ह्यांनीच मला कौतुकाने समजावलं होतं. वेल्डिंगने लोखंडाच्या पोटात ओढाताण अडकून बसते, ती अशी सावकाश सुटते. घाई केली, तर कंदिलाच्या तापल्या काचेवर पाणी उडाल्यासारखं होतं. आज ना उद्या तडकणार.

खंडेनवमीला तुमचा ड्रम रजईत होता. दर वर्षी यंत्रांची आणि हाती असलेल्या कामाची पूजा मीच करते. गेल्या वर्षी क्रेनला हार घालायचा राहिला आणि महिन्याभरात भैरूची, आमच्या फिटरची, दोन बोटं गेली. तुम्ही लोक हसता, पण ती बोटं गेली हे खरं आहे. म्हणून मी हटून बसले. म्हटलं, ड्रमला कुंकू लावल्याशिवाय मी घरी जायची नाही, आणि पांघरूण घेतलेल्याला कुंकू लावत नाहीत.

संपत, आमचा मुकादम, म्हणाला, "वैनी, अजून निवला न्हाय त्यो. उद्या उघडू की."

मी म्हटलं, उद्या दसरा, नवमी आज आहे.

हे म्हणाले, "देवाला घाई आहे. उघडा." टोमणा होता तो, मला मारलेला. पण माणसांनी रजई काढली आणि ह्यांनी त्यांना थांबवलं नाही.

मी नेमकं त्या जोडावरच पाणी शिंपडलं. चर्र झालं, वाफ उठली. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, देवी पावली. मग नारळ फोडला, त्याचंही पाणी तिथेच. मीसुद्धा हसत होते, बाळ. ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे हसत नव्हते.

पुढे पाण्याच्या दाबाची चाचणी झाली, जोड टिकला, पास झाला. तरी संपत म्हणाला, पाणी धरलं म्हणजे वाफ धरंल असं न्हाय, पुन्यांदा भाजू. हे म्हणाले, वेळ कुठे आहे, आणि बायकोच्या पूजेने काम बिघडलं हे कारखान्याला कुठल्या तोंडाने सांगू? त्यानंतर आमच्यात ह्यावर एक शब्द नाही. पण ज्या माणसाला तुझ्या लग्नाचं साल आठवत नाही, तो रोज ताटावर बसला की विचारतो, बाळ कोणत्या पाळीला असतो. त्यावरून मी काय ते समजले.

मला फार भीती वाटते आहे. तुझी वाटते, आणि खरं सांगते, ह्यांची आणि ह्या वर्कशॉपचीही वाटली. म्हणून मागच्या पत्रात गप्प राहिले आणि 'दुसरं कुठलंही जोडपं बसेल' असं लिहून बसले. ते दुसरं जोडपंही कोणाच्या तरी घरचंच असतं. ते लिहिताना माझा हात कसा चालला, मला कळत नाही.

साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग. हट्ट माझा होता.

हे आत आले आहेत. 'काय लिहितेस' म्हणून विचारलं, मी लिहितेच आहे. कागद काढून घेताहेत

घेतला होता. उभ्याने सगळा वाचला. मला वाटलं, फाडणार. परत दिला आणि माझ्याकडे पेन मागताहेत.

हेमाला जवळ घे.
ताई


बाळ,

जीप थांबली आहे, म्हणून थोडक्यात. 'उघडा' असं मी म्हणालो. हट्ट कोणाचा होता ह्याला काही अर्थ नाही. न निवलेला जोड उघडणं म्हणजे काय हे मला कळत होतं, मंदाला तितकं नव्हतं. साहेबांना माझं नाव सांगायचं, तिचं नाही.

दाब उतरला तरी माणसं लांबच ठेव. मी आणि संपत तारा, रजया घेऊन टेम्पोने मागोमाग निघतो आहोत. तोवर जोडाला भेग गेली आहे का, हे बघायलासुद्धा तू जवळ जायचं नाहीस. ते मी बघेन.

गोपाळकृष्ण