चौदावा नंबर

मेलबर्न
५ नोव्हेंबर

प्रिय नेव्हिल,

स. न. वि. वि. विनंती एवढीच की हे वाचून झालं की शांत झोपावंस. विशेष आता सांगतो.

तू फोन उचलत नाहीस, उचललास तर "बरं" आणि "ठीक" यापलीकडे जात नाहीस. तेव्हा आईने मी बोर्डिंगात असताना लावलेली पत्रांची सवयच आपल्या दोघांच्या कामाची. तुझ्या फर्गसचं मी पाहतोय. या वर्षी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, नवी पोरं पुकारायच्या रांगेत, चौदावा नंबर आमच्या क्लबकडे आहे. तो फर्गससाठी ठेवलाय असं म्हणायची मला परवानगी नाही. पण ऑफिसातल्या फळ्यावर चौदासमोर जे नाव लिहिलंय ते गेले तीन आठवडे कुणी पुसलेलं नाही, एवढं कळवतो.

प्रत्येक पत्रात तू एकच विचारतोस, पोराला नको म्हणता येत नाही का? नाही रे बाबा, येत नाही. शेवटच्या नंबरावरचा क्लब पहिला निवडतो, मग त्याच्या वरचा, असं चढत जातं, आणि ज्याने पुकारलं त्याच्याकडे पोराने दोन वर्षं मुकाट्याने जायचं. पोरांना विचारत बसलो तर सगळी मेलबर्नलाच येतील आणि पर्थवाले जन्मभर तळाला राहतील. बारा वर्षं त्यांनी कपाचं तोंड पाहिलेलं नाही. नियम वाईट नाही. फक्त तो आपल्या घरात शिरला की टोचतो.

मॅरियन गेल्यापासून तू रात्री टोस्टवर भागवतोस हे मला फर्गसनेच सांगितलं, त्याच्यावर चिडू नकोस. तो इथे आला की एक रविवार सोडून एक रविवार मी त्याला गाडीत घालून तुझ्याकडे बिरालूपला पाठवीन. चार तासांचा तर रस्ता. मटणाच्या चॉप्स काढून ठेव.

तुझा माझ्यावर लोभ किती आहे ते या महिनाअखेरीस मोजू.

रॉड


बिरालूप
२८ नोव्हेंबर

प्रिय रॉडनी,

नमस्कार. विनंती काही नाही.

आपल्या गावच्या क्लबाच्या हॉलमध्ये टीव्हीवर ड्राफ्ट बघायला सगळे जमले होते. नेटबॉलच्या पोरींनी फुगे लावले, बेकरीवाल्या डोरीनने खिम्याच्या पन्नास पाईज फुकट आणल्या, आणि फर्गस आईने जाण्याआधी घेतलेला शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. चौदा नंबर आला. तुमच्या क्लबचं नाव यायला हवं तिथे दुसऱ्याच क्लबचं आलं, आणि त्यांनी ॲडलेडचा कुणी उंच मुलगा पुकारला. मला वाटलं टीव्ही बिघडला. मग डोरीन म्हणाली, अहो, सकाळीच दिलाय त्यांनी तो नंबर, बातम्यांत होतं. बातम्या मी ऐकल्या नव्हत्या, मैदानावर पाणी मारत होतो.

सोळाव्याला पर्थने पुकारलं, फर्गस टांटां. हॉल दणाणून गेला, मीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायच्याच असतात ना.

तो परवा गेला. विमानतळावर मला म्हणाला, बाबा, कोरेलांकडे लक्ष ठेव. त्या पांढऱ्या पोपटांनी परत गोलासमोरचं गवत उपटलंय, शंभरेक तरी असतील. मी म्हटलं ठेवतो. एवढंच बोललो आम्ही. घरी येऊन सवयीने दोन ताटं मांडली, मग एक उचलून ठेवलं.

तुला शिव्या द्यायला हे पत्र लिहीत नाही. एकच सांग. नंबर का दिलास?

नेव्हिल


मेलबर्न
६ डिसेंबर

प्रिय नेव्हिल,

सप्रेम नमस्कार. विनंती आहे की शेवटपर्यंत वाच, मध्येच चुलीत घालू नकोस.

आमच्या जुन्या कप्तानाचा मुलगा या वर्षी ड्राफ्टला होता. बापाच्या क्लबला मुलावर पहिला हक्क असतो, पण तो फुकट नाही. दुसऱ्या कुणी त्याला पुकारलं तर तेवढे गुण आपल्या नंबरांतून भरून द्यावे लागतात. प्रत्येक नंबराचे गुण ठरलेले आहेत. एका मोठ्या नंबराच्या बदल्यात तीन छोटे घेतले की गुण जास्त भरतात, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मी चौदा दिला आणि अठरा, एकतीस, चौतीस घेतले. मागचे दोन कप्तानाच्या पोरासाठी. अठरा फर्गससाठी.

हो, मीच दिला. कुणी मला भाग पाडलं नाही. माझी खात्री होती की फर्गस अठरापर्यंत टिकणार. चौदा ते अठराच्या मध्ये त्याच्यावर डोळा असलेला क्लब एकच होता, पर्थ, सोळावा नंबर त्यांनी दुसऱ्या क्लबकडून घेतलेला, आणि त्यांची सोय मी आधीच लावली होती. आता लावली म्हणजे काय, ते सांगतो. दूरच्या क्लबांना सगळ्यात मोठी भीती असते ती घरकोंबड्या पोराची. दोन वर्षं खेळवायचं, तयार करायचं, आणि ते आईबापासाठी रडत परत जातं. म्हणून आपलं पोर जवळ ठेवायचं असेल तर आसपास हळूच पसरवतात की हा घर सोडून राहायचा नाही. सगळेच करतात. मीही केलं. चार जेवणांच्या टेबलांवर बोललो की फर्गसची आई वारली, बाप एकटा, पोर बापाला चिकटलेलं. त्यात खोटं तरी काय होतं?

तरी पर्थने घेतला. कसा काय, हे कोडं मला अजून सुटत नाही.

कप्तानाचा मुलगा आला आमच्याकडे. पोर गुणी आहे. त्याच्याकडे बघितलं की मला तू दिसतोस.

चुकलो रे. लोभ आटला असेल तर तसं लिही, मी समजेन.

रॉड


बिरालूप
१३ डिसेंबर

प्रिय रॉडनी,

नमस्कार. तुझं कोडं मी सोडवतो.

ऑक्टोबरात पर्थच्या क्लबकडून एक बाई आली होती, शोना केलर. एवढ्या लांबून विमानाने, मग भाड्याच्या गाडीने, धुळीने माखून. फर्गस शाळेत होता. मी चहा केला, मॅरियनच्या कृतीने स्कोन करायला गेलो तर विटा झाल्या, तरी तिने दोन खाल्ले. मग सरळ विचारलं, मिस्टर टांटां, आम्ही ऐकतो की मुलगा घर सोडून राहायचा नाही, खरं का?

मी म्हटलं, खोटं. कुठेही टाका, राहील. आईच्या आजारपणात सगळं घर त्याने ओढलं, त्याला मी कुठल्या तोंडाने घरकोंबडा म्हणू? तिने विचारलं, आणि तुमचं काय? मी म्हटलं, प्रश्न माझ्याबद्दल नाही.

तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वीच्या फायनलला गोल-पंच मीच होतो. फर्गसने मारलेला चेंडू खांबाला चाटून गेला. कुणी पाहिलं नाही, फक्त मी ऐकलं. दोन झेंडे, म्हणजे गोलाचे सहा गुण, हलवले असते तर गाव जिंकलं असतं. खांबाला लागला की एकच गुण, म्हणून मी एकच हलवला. तीन गुणांनी हरलो आणि फर्गस माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. मग बाराव्या दिवशी म्हणाला, बाबा, मीही ऐकला होता तो आवाज.

असं पोर. त्याच्याबद्दल खोटं बोलून त्याला जवळ ठेवायचं?

पण आता खरं सांगू? त्या बाईची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हाच मला कळलं की मी काय करून बसलोय. आणि तरी मी तुला कळवलं नाही. म्हटलं चौदा नंबर आहेच, काय फरक पडतो. कळवलं असतं तर तू नंबर दिला नसतास. तेव्हा तुझी अर्धी चूक माझ्या नावावर लिही.

एक मात्र तुझ्या समितीवाल्यांना विचार. ज्याचा बाप तीनशे सामने खेळला त्याचं पोर बापाजवळ राहिलं. मी सव्वीस वर्षं गोलामागे उभा राहिलो, त्याचे गुण किती धरतात?

नाताळला येऊ नकोस, उन्हाळा फार आहे. यायचंच असेल तर ये.

नेव्हिल

(दोन वर्षांनी)

मेलबर्न
३० सप्टेंबर

प्रिय नेव्हिल,

स. न. वि. वि. या खेपेला विनंतीच विशेष आहे.

फर्गसचा करार संपतोय. गुडघ्याने एक वर्ष खाल्लं तरी पोराने नाव काढलं. तो मला तोंडाने काही म्हणाला नाही, पण गेल्या महिन्यात फोनवर बिरालूपला पाऊस किती झाला हे त्याने मला तीनदा विचारलं. मी मेलबर्नमध्ये राहतो, मला काय माहीत पाऊस किती झाला?

त्याला आणता येईल. अडचण एकच, पर्थवाले बदल्यात पहिल्या फेरीतला नंबर मागणार, आणि आमच्याकडे तो नाही. यंदाचा दिलाय, पुढच्या वर्षीचाही दिलाय. हल्ली उद्याचे नंबर आजच विकता येतात, मी त्या बाजूने मत दिलं होतं, हस बाबा. पण घरची अडचण असली की क्लब पडत्या भावात पोर सोडतात. कुणी कठोर दिसू इच्छित नाही. तू शोनाबाईला चार ओळी लिही, तब्येत बरी नसते, एकटा असतो, मुलगा जवळ हवा. डॉक्टरचा कागद मी बघतो. एवढं कर. गेल्या वेळी खरं बोललास त्याची दोन वर्षं भोगलीस, आता पुरे.

माझ्यासाठीही लिही. त्या दिवसापासून मी कुठलाही नंबर देताना थांबतो आणि आमचा नवा साहेब माझ्याकडे बघतो.

रॉड


बिरालूप
८ ऑक्टोबर

प्रिय रॉडनी,

नमस्कार. शोनाबाईंना पत्र टाकलं. डॉक्टरचा कागद लागला नाही.

कोरेला परत आलेत. या वर्षी मी त्यांना हाकलत नाही, सकाळी तेवढाच आवाज असतो. गोल-पंचाचं काम सोडलं, खांदा वर जात नाही. झेंडे घरीच आहेत, क्लब नवीन घेणार म्हणे.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. असावा.

नेव्हिल


पर्थ
१९ ऑक्टोबर

प्रिय रॉड काका,

सा. न. वि. वि. पत्र लिहायची मला सवय नाही, तुम्ही दोघं कसं काय लिहिता कोण जाणे. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

अदलाबदलीचं फिसकटलं. तुम्ही देत होतात ते दोन मागचे नंबर आमच्या क्लबने नाकारले. शोनाने काल मला बोलावून सांगितलं आणि मग टेबलाच्या खणातून बाबाचं पत्र काढलं. वर लिहिलंय, फर्गसला दाखवू नये. ती म्हणाली, मी नियम सहसा मोडत नाही, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

काका, त्याने तब्येतीबद्दल एक ओळ लिहिली आहे, ठणठणीत आहे म्हणून. खांद्याचं नावही नाही. पुढे लिहिलंय, "माझ्या नावाने मुलाला स्वस्तात सोडू नये, तुम्ही त्याला खरा नंबर खर्चून घेतलात, तुम्हाला खरा नंबर मिळाला पाहिजे, नाहीतर तळाचा क्लब तळालाच राहील." तुम्ही त्याला पूर्वी समजावलेलं सगळं त्याने त्यांना समजावून लिहिलंय. पर्थवाल्यांची बाजू आजवर कुणी इतकी चांगली मांडली नसेल.

हे झालं अर्ध्या पानात. पत्र चार पानांचं आहे. उरलेल्या साडेतीन पानांत तो एकटा नाही हे सांगतो. संध्याकाळी टीव्ही असतो म्हणून एकटं वाटत नाही. डोरीन मंगळवारी पाव देते, एकटं वाटत नाही. माझी खोली झाडतो तेव्हा एकटं वाटत नाही. कोरेला असतात. आईचा रेडिओ असतो. मी मोजलं काका, शाळेत मोजायचो तसं बोट ठेवून. 'एकटं' हा शब्द नऊ वेळा आहे आणि नऊही वेळा त्याने पुढे 'नाही' लिहिलंय.

आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस बोलायला बसला तर असंच होणार.

मी अजून एक वर्षाची सही केली. एका वर्षाचीच, पुढच्या वर्षी कुणाचा नंबर मिळो न मिळो, मी सुटणार. तोवर तुमच्या क्लबचा कारभार तुम्ही बघा, माझं एक काम करा. शनिवारी गाडी काढा. चारच तासांचा रस्ता आहे, तुम्हीच म्हणायचात. तो दार उघडून म्हणेल, कशाला आलास, मी काही एकटा नाही. ते दहाव्यांदा होईल. तुम्ही काही बोलू नका. आत जा आणि दोन ताटं मांडा.

फर्गस