जबाबातला टेम्पो

निजामपुरा, भिवंडी
१८ मार्च २०२४

ती. आक्का,

नमस्कार. फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू आमच्या केदारकडून भलतंच ऐकतेस, म्हणून पुन्हा शाईचं पेन काढलं आहे. रोह्याला कैऱ्या धरल्या असतील. इथे खिडकीबाहेर लूमची खडखड चालू आहे. शाळेत असताना त्याच ठेक्यावर मी मुलांकडून कविता म्हणून घ्यायचो. आता ठेका तेवढा राहिला आहे.

प्रमोदिनी बरी आहे. म्हणजे उठून बसते, वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते. खुब्याच्या हाडात घातलेली स्टीलची पट्टी नीट बसलेली नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षा-दीड वर्षात दुसरं ऑपरेशन करून सांधाच बदलावा लागेल, नाहीतर वॉकर कायमचा. तुझी बालमैत्रीण ती, माझी बायको नंतर. तू तिला विचारशील आणि ती 'ठीक आहे' एवढंच सांगेल, म्हणून मी लिहितो.

झालं कसं, विचारलंस. राहनाळला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घराची वास्तुशांत होती. जेवून निघालो. गोदामांपुढचा रस्ता ओलांडत असताना एक मालवाहू टेम्पो भरधाव वेगाने आला, करकचून ब्रेकचा आवाज झाला आणि क्षणार्धात तुझी मैत्रीण रक्ताच्या थारोळ्यात... नाही, रक्त फारसं नव्हतं. पण पडली. तर ते हे असं.

चौकीत हवालदाराने जबाबाचा कागद माझ्यापुढेच सरकवला. त्याचा भाऊ माझ्याकडे शिकलेला. म्हणाला, "सर, तुमच्यापुढे मी काय मराठी लिहिणार? तुम्हीच लिहा, मी खाली सही घेतो." अडीच पानं लिहिली. एक खाडाखोड नाही.

केदारने विपुल नावाचा वकील गाठून दिला आहे. ठाण्याच्या न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावायचा, तोही सहा महिन्यांच्या आत. मला वाटत होतं, भरपाई म्हणजे टेम्पोवाल्याच्या खिशातून. तर तसं नाही, विमा कंपनी देते. मग टेम्पोवाल्याचं नाव दाव्यात कशाला? तर त्याची चूक ठरल्याशिवाय कंपनी देत नाही. चूक एकाची, पैसे दुसऱ्याचे, दुखणं तिसऱ्याचं. मी दोनदा समजावून घेतलं आणि दोन्ही वेळा 'हो' म्हणालो, मागच्या बाकावरची मुलं म्हणायची तसं.

अर्जात 'व्यवसाय: गृहिणी' असं लिहून उत्पन्नापुढे मी रेघ मारली. विपुल म्हणाला, रेघ मारू नका, घरकामालाही कोर्ट किंमत धरतं, मॅडम काय काय करायच्या ते सांगा. मला स्वयंपाकापुढे काही सुचेना. मग तिनेच पलंगावरून सांगितलं. सव्वा पान झालं. मी ते दोनदा वाचलं.

टेम्पोवाल्याचं नाव दीपेश, राहनाळचाच, सव्वीस वर्षांचा. माझा विद्यार्थी नाही. त्याचं का कोण जाणे, बरं वाटलं.

तुझा,
अण्णा


३० ऑगस्ट २०२४

ती. आक्का,

तुझं पत्र पोचलं. प्रमोदिनीसाठी दीड पान आणि माझ्यासाठी एकच ओळ: 'तू तेव्हा कुठे होतास?' होतो ना. तिथेच होतो, रस्त्यावर. ते पुढे लिहितो.

गणपती आठ दिवसांवर आले. या वेळी मोदक विकतचे. प्रमोदिनीने तीन दुकानांची नावं सांगितली आणि तिन्हींत काय वाईट असतं तेही सांगितलं. अपंगत्वाचा दाखला मिळाला. त्यावर टक्के असतात, आक्का. माणूस किती टक्के उरला ते डॉक्टर सही करून देतात. हे टक्के पायाचे की सगळ्या शरीराचे, यावर विपुल बराच वेळ बोलला. मला काही उलगडलं नाही.

माझ्या जबाबावर मात्र तो बेहद्द खूश आहे. "सर, असा जबाब आजवर पाहिला नाही. भरधाव, बेदरकार, हॉर्न न देता. आपला दावा यावरच उभा आहे." एरवी कोणी माझ्या लिखाणाची स्तुती केली की मी दिवसभर गुणगुणत असतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परवा दीपेशचा बाप आला. नवशा. त्यांची थोडी भातशेती उरली आहे, बाकी जमिनीवर गोदामं उभी राहिली. आत ये म्हटलं तरी दारातच बसला. पिशवीतल्या काकड्या काढून उंबऱ्यावर ठेवल्या. पोराचं लायसन पोलिसांकडे, मालकाने कामावरून काढलेलं, फौजदारी खटला वेगळाच. मी त्याला समजावू लागलो की दाव्याचे पैसे तुझ्या पोराला भरावे लागणार नाहीत, विमा कंपनी भरेल. मला न समजलेलं मी त्याला शिकवत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पैशाचं न्हाय, मास्तर. तुमी लिवलं भरधाव. गोदामाम्होरं भरधाव जायाला जागा तरी हाय का? सायकल रखडते तिथं."

आतल्या खोलीत प्रमोदिनी हसली. खरंच हसली, मी ऐकलं.

आक्का, चौतीस वर्षं मी मुलांना 'मी पाहिलेला अपघात' हा निबंध शिकवला. त्यात वाहन भरधावच येतं, ब्रेक करकचूनच लागतो, माणूस थारोळ्यातच पडतो. तसं लिहिलं की दहापैकी आठ गुण. चौकीत पेन हातात घेतलं आणि तोच निबंध उतरला. खोटं लिहायचं असं ठरवलं नव्हतं. खरं काय ते आठवायच्या आधी वाक्यं आली. आणि आली ती मला बरी वाटली, कारण त्यांत मी कुठेच नव्हतो.

टेम्पो गोदामाच्या फाटकातून हळू बाहेर येत होता. आज एवढंच.

विपुलला हे सांगितलं. तो डोकं धरून म्हणाला, जबाब फिरवलात तर दावा बसला, आणि मॅडमचं ऑपरेशनही. केदारला परवडणारं नाही, माझ्या पेन्शनचं तुला ठाऊक आहे. तिचा पाय की त्या पोराचं लायसन? तू सांग. की नको सांगूस.

अण्णा


१२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

काल ठाण्याला माझी साक्ष झाली. प्रमोदिनीला इतका प्रवास झेपायचा नाही, म्हणून प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार म्हणून मीच उभा राहिलो. 'कुठे होतास' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी तिथे दिलं, आता तुला देतो.

वास्तुशांतीच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, सर, चौथीच्या पुस्तकातली ती पाखरांची कविता म्हणा. दुसऱ्या कडव्यात अडलो. किती वर्गांना शिकवलेली कविता, आणि ओळ येईना. सगळे हसले, मीही हसलो, पण ते मनाला लागून राहिलं. रस्ता ओलांडताना ती ओळ अगदी जिभेवर आली आणि मी थांबलो. रस्त्याच्या मधोमध. हललो तर निसटेल असं वाटलं. प्रमोदिनी पलीकडे पोचली होती. तिने टेम्पो पाहिला, मागे वळली, धावत येऊन मला दोन्ही हातांनी ढकललं. मी कडेला मातीत पडलो, सदरा मळला. तिला टेम्पोचा कोपरा लागला.

हे सगळं मी शपथेवर सांगितलं. टेम्पो हळू होता. चूक दीपेशची नाही, माझी आहे. विपुलने समोरची फाइल मिटली. मला वाटलं, आता मला कोणीतरी रागावेल.

विमा कंपनीचे वकील उठले. फार सौम्य गृहस्थ. त्यांनी विचारलं, "म्हणजे सर, अर्जदार बाई सुखरूप पलीकडे पोचल्या होत्या आणि अचानक मागे वळल्या. बरोबर?"

मी म्हणालो, मला वाचवायला.

"वळल्या की नाही, एवढंच सांगा."

वळली, म्हणालो. लिपिकाने ते टाइप केलं.

बाहेर आल्यावर विपुलने मला समजावलं, तिसऱ्यांदा. माझी चूक त्यांना धरायचीच नाही, मी नुसता साक्षीदार. कंपनी म्हणणार, चूक बाईंची, त्याच मध्ये आल्या. चूक जेवढी तिच्या वाट्याला येईल तेवढी भरपाई कापली जाईल. निम्मी, जास्त की सगळीच, ते निकालात कळेल. म्हणजे मी चूक अंगावर घ्यायला गेलो आणि ती तिच्या नावावर लिहून आलो. हे कसं झालं ते मला अजून कळत नाही. दीपेश बाकावर बसला होता. त्याच्या खटल्यात या साक्षीचा उपयोग होईल म्हणे. पाया पडायला वाकला, तेव्हा मी पाय मागे घेतले.

घरी येऊन प्रमोदिनीला सगळं सांगितलं. ती म्हणेल, खरं बोललात, बरं केलंत, असं कुठेतरी मनात होतं. ती लसूण सोलत होती. हातातली पाकळी संपवून म्हणाली, "त्या पोराचं बरं झालं. पण मला विचारायचं होतंत. पाय माझा आहे."

मी म्हणालो, वाटलं, तू नको म्हणशील.

"नसते म्हणाले. पण मी का वळले ते मी सांगितलं असतं. जबाबही तुम्हीच लिहिलात, साक्षही तुम्हीच दिलीत. मी आहे कुठे त्यात?"

बेचाळीस वर्षांत ती माझ्याशी इतकं सरळ कधी बोलली नव्हती. की बोलली होती आणि मी भलत्याच ओळीत होतो?

आज सकाळी तिने स्वतः विपुलला फोन लावला. तिची साक्ष नोंदवायला कोर्ट घरी माणूस पाठवू शकतं, तसा अर्ज करायचा ठरलं आहे. त्यामुळे दावा सावरेल का, विपुलला सांगता येत नाही. ती म्हणाली, सावरो न सावरो. मी विचारलं, काय सांगायचं त्याची टिपणं काढून देऊ का? ती म्हणाली, त्या दिवशी तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसा.

आक्का, पुढचं पत्र तिच्या नावाने लिही. पाकीट मी फोडणार नाही.

त्या दिवशी ओट्यावर बसणारा,
तुझा अण्णा