शर्टावरची काजळी

सर, शर्ट टेबलावर पसरला आणि छातीवरच्या भोकाभोवती मला काळं वर्तुळ दिसलं. लातूरच्या कोर्टात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते. सरकारी वकील विचारत होते, मयताचा शर्ट हाच का. त्याचं शवविच्छेदन मीच केलं होतं. जखमेभोवती काजळी नाही, गोळी लांबून लागली, असं मीच लिहिलं होतं. धाकट्या भावाने अंगणापलीकडून थोरल्याला मारलं, हा खटला त्या एका ओळीवर उभा होता. धाकटा सांगत होता, थोरल्याच्या हातून बंदूक हिसकावताना गोळी सुटली. दोन वर्षं तो तुरुंगात होता.

शर्ट मी पाहिलाच नव्हता. कॅज्युअल्टीत कपडे उतरवून पोलिसांनी बांधून नेले, मी मागवले नाहीत. गाठोडं ठाण्यातच पडून राहिलं. नांदेडला तुमच्या हाताखाली पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. जखम मोजली, कपडे बाजूला सारले. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "काय बाई, हा माणूस उघडा फिरून राहिला होता का? काजळी कापडानं खाल्ली, अन् तुम्ही कातडीला विचारताय!" सगळे हसले. मग तुम्ही शर्ट त्याच्या अंगावर ठेवून भोकाला भोक जुळवून दाखवलंत. तो राग मी तुम्ही गेल्यावरही धरून होते.

वकील पुन्हा विचारतात. मी म्हणते, "हाच. आणि माझं मत चुकलं होतं. गोळी जवळून लागली आहे." टाइप करणाऱ्याचे हात थांबतात. न्यायाधीश म्हणतात, "सावकाश सांगा, लिहून घेऊ द्या." मी सावकाश सांगते. इतकं हलकं वाटेल, असं वाटलं नव्हतं.

बाहेर बाकावर दोघांची आई बसली होती. "बाई, म्हंजे धाकला खरं बोलत व्हता?"

"हो."

"मी त्याला दोन वर्सं भेटाया गेले न्हाई," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली.

इथे तुम्ही मला पुन्हा अडवलं असतं. गोळी जवळून लागली, शर्ट एवढंच सांगतो. झटापट झाली की नाही, ते सांगत नाही. मला ते ठाऊक होतं. तरी मी हो म्हणाले. हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट प्रयोगशाळेकडे रवाना झाला आणि धाकट्याला जामीन मिळाला.