आठ वॉट

१४ सप्टेंबर, रविवार

यशोधनने पायांचे केस काढले! घोट्यापासून मांडीपर्यंत, दोन्ही पायांचे, आणि तेही माझ्या रेझरने! बाथरूममधून बाहेर आला तेव्हा मी किंचाळलेच. सत्तेचाळीस वर्षांचा केंद्र सरकारचा अधिकारी, आणि पाय सोललेल्या दुधीसारखे. "हवा कमी अडते, वैजू. सेकंद वाचतात." इशिता सोफ्यावर हसून हसून लोळली. "बाबा, यार, प्लीज, आता घरात शॉर्ट्स नका घालू!"

गेल्या नोव्हेंबरात ग्रेटर नोएडाच्या सायकल शर्यतीत, पंचेचाळिशीच्या पुढच्या गटात, याचा तिसरा नंबर चार सेकंदांनी हुकला. तेव्हापासून या क्वार्टरमध्ये ते चार सेकंदच राहतात. आम्ही दोघी पाहुण्या. यंदा शर्यत २३ नोव्हेंबरला. तोवर देवच रक्षण करो.

२१ सप्टेंबर

स्वयंपाकघरातला वजनकाटा सापडेना. सापडला बाल्कनीत, वर सायकलचे स्क्रू! बाटलीची पकड बदलून अकरा ग्रॅम वाचवले म्हणे. मी म्हटलं, पोटावर गेल्या दिवाळीचा फराळ अजून आहे, तो आधी उतरव.  जेवताना भात खरंच अर्धा घेतला. मग मलाच वाईट वाटलं.

२८ सप्टेंबर

आता बीटचा रस. रोज सकाळी ग्लासभर. त्याने दम टिकतो असं कुठेतरी वाचलंय. पितो हा, मिक्सर धुते मी, आणि ओटा लालभडक.

५ ऑक्टोबर, रविवार

 

दिवाळीचे आकाशकंदील काढायला माळ्यावर चढले. त्याच्या त्या लांब शेपटीच्या हेल्मेटचा खोका खाली पडला. आतून एक छोटी पिशवी निघाली, सायकलची अवजारं ठेवतात तसली. आत पांढऱ्या गोळ्या. सुट्या. साठ-सत्तर तरी असतील. ओळखायला क्षणही लागला नाही. त्याच्या हृदयाची गोळी!

दोन वर्षांपूर्वी बसल्या जागी याचे ठोके एकशे सत्तरवर गेले होते. मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर याच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आयुष्यभर रोज सकाळी एक, मनाने कधीही बंद करायची नाही. आणि हा रोज माझ्यासमोर पाकिटातून गोळी काढायचा, तळहात तोंडाकडे न्यायचा, वर पाणी प्यायचा. रिकाम्या तळहातावर! दोन महिने! मी समोर पोळ्या लाटत होते.

पिशवी त्याच्यापुढे आपटली.  मग म्हणाला, "ती घेतली की ठोके वर चढतच नाहीत गं. पेडलच्या ताकदीतले आठ वॉट जातात."

आठ वॉट! आमच्या बाथरूमचा दिवा नऊ वॉटचा आहे!

खूप बोलले. नको ते बोलले. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "उद्यापासून घेतो. इशूची शपथ." मी म्हटलं, तिची शपथ घ्यायची तुझी लायकी नाही.

७ ऑक्टोबर

आज सकाळी माझ्यासमोर घेतली. तोंड उघडून दाखवलं नाही, मीही सांगितलं नाही. इतकं खाली उतरायचं? पण विश्वास तर उरला नाही, काय करू! पाकीट रिकामं होतंय, पण ते तेव्हाही होतच होतं.

८ ऑक्टोबर

त्या पिशवीतली एक गोळी खलबत्त्यात कुटली आणि बीटच्या रसात घातली. वरून लिंबू. घटाघट प्यायला. "आज मस्त झालाय," म्हणाला.

आता रोज असंच. शपथेपेक्षा खलबत्ता बरा.

१९ ऑक्टोबर

काम होतंय! नुसते आठ नाही, वीस वॉट गेले म्हणतो. चेन धुतली, मेण लावलं, टायर बदलले, सीट तीन मिलिमीटर वर केली. त्याचा सायकलवाला मित्र राघव दारातच म्हणाला, "भाभीजी, भाईसाब की टाँगों में आजकल जान ही नहीं है." मी सरळ चेहऱ्याने चहा दिला. आतून हसू येत होतं. खरं सांगायचं तर आनंदच झाला. कमी वॉटचा नवरा, पण जिवंत.

२ नोव्हेंबर

जिन्यात भिंतीला धरून उभा राहिला. हात बर्फासारखे. "चक्कर?" "नाही, थंडी." मी म्हटलं, पोटभर जेव आधी, ग्रॅम मोजत बसतोस. शर्यत सोड म्हटलं तर हसला. चेहरा उतरलाय पण.

९ नोव्हेंबर

हवा इतकी वाईट की समोरचा ब्लॉक दिसत नाही. तरी मास्क लावून गेला. माणूस आहे की कोण!

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सव्वासातला राघवचा फोन. "भाभीजी, घबराइए मत, भाईसाब सिग्नल पे खड़े-खड़े गिर गए." उभ्या उभ्या! मागून बस आली नाही म्हणून वाचला. इशिता आणि मी रिक्षातून गेलो, मी घरातल्या स्लीपरवर.

ठोके चौतीस. मॉनिटरवर चौतीस! दोन वर्षांपूर्वी हृदय थांबायला तयार नव्हतं, आता चालायला तयार नाही.

१६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी किती घेतात? नियमित?" मी छातीठोकपणे सांगितलं, एकच, रोज, मी स्वतः देते. त्यांनी मान हलवली. एका गोळीवर इतके कमी होत नाहीत, म्हणजे दोष हृदयातच दिसतो. गोळी बंद केलीय. ठोके वाढले नाहीत तर पेसमेकर. इशिता रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली. पेसमेकर! हे कुठून आलं!

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी बोलला. आवाज अगदी बारीक. "एकही चुकवली नाही, वैजू. वीस वॉट गेले तरी घेत राहिलो. तुला शब्द दिला होता ना."

रोज एक त्याने घेतली. रोज एक मी दिली.

डॉक्टर अकराला येतात. त्याआधी त्याला सांगायचंय.