आबांचा प्रश्न

चोपडा, मंगळवार, ३ डिसेंबर १९९१. संध्याकाळ.

जळगावच्या डॉक्टरांनी आज रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "पोट रोज साफ होतं का?" मला हसूच आलं. आजार किडनीचा, आणि हे आबांसारखं काय विचारतात!

आमचे वडील, आबा, रोज सकाळी ओट्यावरून ओरडायचे, "काय रे, पोट साफ शे का?" बठ्ठी, म्हणजे अख्खी गल्ली ऐकायची. माझ्या लग्नात तर बोहल्यावर, पाहुण्यांदेखत विचारलं. नवरी शेवंता पदराआड हसली. पुढे जन्मभर तिने मला त्यावरूनच चिडवलं.

डॉक्टर म्हणाले, आतड्यातले जंतू अन्नापासून विष करतात. धडधाकट किडनी ते लघवीतून बाहेर टाकते, तुमची थकली आहे. पोट तुंबू देऊ नका. म्हणजे आबांना हे कळत होतं? की नुसती सवय? कोण जाणे. तोंडाला पुन्हा गोठ्यासारखा वास येतोय. पाय सकाळपेक्षा जास्त सुजलेत का? दाबून पाहिले, परत दाबून पाहिले. रक्त साफ करायच्या मशीनवर जायची वेळ येईल का, हे विचारायचं राहूनच गेलं. खरं तर धीर झाला नाही.

आबा नाहीत, शेवंताही गेली. आता मला रोज कोण विचारणार?

एवढं लिहीपर्यंत मुलगा प्रकाश दाराशी येऊन उभा राहिला. दवाखान्यात तोच सोबत होता. पोरगा चाळिशीचा, पण लाजत, हळूच म्हणाला, "नाना, पोट साफ शे का?"

ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय? जोरात बोल."