पुजलेल्या यंत्राला हात नाही

प्रिय महादू,

खुशाली विचारायची हाताला सवय आहे. ती आज आवरतो. तू गेल्यावरचा पहिला संप सुरू झालाय आणि खंडेनवमी परवावर आलीय, म्हणून लिहितोय.

काल गणपत आला होता. तोच, ज्याला मालकाने काढलं म्हणून तू कुंभिवलीची अख्खी कागदगिरणी बंद पाडली होतीस! आता तुझ्या जागी तो युनियनचा पुढारी आहे, आणि तुझ्यासारखाच चपला न काढता ओटीवर चढतो. मालकाने पुन्हा दोघांना काढलंय. म्हणाला, "गुरुजी, औंदा मशीनपूजा नाय. मालकाची मशीन, मालकानं पुजावी."

मला तुझी ती खंडेनवमी आठवली. संपावरची माणसं घेऊन तू गिरणीत शिरलास, यंत्रं पुसायला आणि तेल घालायला! पोरं तोंडावर म्हणाली, "दादा फुटला." तू चिंधी पिळत म्हणालास, "भांडण मालकाशी हाय रं. मशीननं काय केलंय?"

मी पोथी सांभाळत, धोतर उचलून लांब उभा. "शास्त्र्या, तेल धोतराला लागतं, मंतराला नाय!" असं सगळ्यांदेखत ओरडायची गरज होती का रे?

आरती झाली. मालकाला वाटलं, संप मिटला. हसत हसत त्याने मॅनेजरला यंत्र चालू करायला सांगितलं. तू आडवा आलास, पण हात जोडून. "सायेब, पुजलेल्या मशीनला आज हात लावत नायत. उद्या दसरा. सोनं द्यायला गेटवर या, तवा बोलू."

आणि वळलास. शिव्या देणारी पोरंसुद्धा मुकाट तुझ्यामागे बाहेर! साम आणि दंड हे वेगळे उपाय म्हणून मी जन्मभर शिकवले. तू ते एका दमात वापरलेस, तेही प्रसादाचा शिरा वाटून व्हायच्या आत. अजून अंगावर काटा येतो, महादू.

दुसऱ्या दिवशी मालक आपट्याची पानं घेऊन खरंच गेटवर आला, आणि गणपत कामावर गेला. हे सगळं तू आधीच योजलं होतंस का? विचारलं की बिडी पेटवायचास. आता तर तेवढंही उत्तर नाही!

गणपतला हे सांगितलं. तो म्हणाला, "आन या खेपेला मालक आलाच नाय तर?"

आता हे कोणत्या पोथीत शोधू? तोच मग उठला. "नाय आला तर संप हायेच. पर मशीन गंजवून त्यो लवकर येनार हाय व्हय? गुरुजी, चिंध्या हायेत का घरात?"

आहेत. माझं धोतर आज फाडून ठेवलंय. परवा मंत्र म्हणेन, पण आधी यंत्र पुसेन. आणि पूजा झाली की घरी न येता गणपतशेजारी गेटवर बसेन. मालक येईपर्यंत. हा शब्द.

तुझा,
तेलाला न भिणारा
शास्त्र्या