बिनफोडणीचं वरण

२२ ऑगस्ट
पोळा. सकाळभर हे राजाच्या, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या बैलाच्या, कानातले नि शेपटीखालचे गोचीड काढत बसले. ओढायचा, नखावर नख धरून फोडायचा. बोटं रक्ताळलेली. त्याच हातांनी पोळी खायला बसले. "हात धुवा." म्हणे, "बैल देव हाय." बरं. गोचीडही देवच का?

३१ ऑगस्ट
ह्यांना ताप, डोकं ठणकतंय. बाजारातल्या डॉक्टरच्या गोळ्या चालू. कापसाचं निंदण तसंच.

३ सप्टें.
ताप आहेच. मनगटांवर, तळहातांवर लाल पुरळ. सासूबाईंनी हातच जोडले. "माता आली. आता औषध बंद." दाराला कडुनिंब, घरात फोडणी बंद, मातेला वास खपत नाही म्हणे. सगळे बिनफोडणीचं वरण गिळतोय. आमच्या लेकीला, गौरीला, कांजिण्या आल्या तेव्हा पोटापाठीवर होत्या, तळहातावर नव्हत्या. तसं मी म्हणाले तर सासूबाई, "तुले काऊन एवढं समजते?" समजत नाही म्हणूनच डॉक्टर लागतो ना!

५ सप्टें.
सकाळी मला "माय" म्हणाले. ओळखच नाही. ऑटो बोलावला तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या. "माता घरात असताना त्याले बाहेर नेऊन राह्यली!" नेलं. उटनूरच्या दवाखान्यात.

६ सप्टें.
डॉक्टरीणबाईंनी आधी तळहात पाहिले, मग तळपाय. "घर में बैल है? कीड़े हाथ से निकालते?" गोचिडाचा ताप. चावला तरी होतो, फोडला तर बोटावरच्या चिरेतूनही आत जातो. चिमट्यानं मुंडीशी धरायचा, सरळ ओढायचा. गोळी साधीच आहे म्हणे, फक्त लवकर यायला हवं होतं. लवकर! गोळ्या देवळीत ठेवून आम्ही आरती करत होतो. अर्थात त्या गोळ्याही ह्या तापाच्या नव्हत्याच म्हणा.

१४ सप्टें.
घरी आणलं. चालतात. उजव्या कानानं ऐकू येत नाही. सासूबाई शेजारणीला सांगतात, "मातेनं कान घेतला, पोरगं सोडलं." मातेला दहीभाताचा नैवेद्य. हे हात जोडून पुढे. दवाखान्याच्या फरशीवर मी झोपले होते, माता नाही. संताप होतो.

२१ सप्टें.
गौरीचं अंग गरम. लाडकी राजाच्या मानेला लटकत असते. वेणी घालताना कानामागे गोचीड सापडला, टम्म फुगलेला. भुवयांच्या चिमट्यानं काढला. तिची मनगटं पुन्हा पुन्हा बघते, अजून काही नाही. सासूबाई कडुनिंब आणायला निघाल्या. जाता जाता, "आजपासून फोडणी देऊ नको."
ह्यांना म्हणाले, चला उटनूरला. बहिरा कान माझ्याकडे करून बसले.
कढई चढवली. मोहरी टाकली, हिंग, लसूण. घरभर वास. सासूबाई फाटकातूनच ओरडल्या. गौरीला मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसलेय, वहीच्या पाठीमागच्या पानावर हे लिहितेय. पोर भाजतेय. ऑटो अजून आला नाही.